पाच दिवस टिकलेला पहिला तोडा

शेगावला गाडी पोचली तेव्हा उजाडून थोडाच वेळ झाला होता. फलाटावर उतरलेले बहुतेक लोक महाराजांच्या दर्शनाला आलेले होते. कुणाच्या हातात नारळाची पिशवी, कुणाच्या कडेवर झोपलेलं मूल. माझ्या बॅगेत मात्र कोळंबीच्या कवचांपासून केलेली अर्धा किलो पांढरी पावडर होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जिथे सांगायला हवं होतं तिथे मी सांगितलं नाही.

मी पुण्यात एका लहानशा कंपनीत काम करते. फळं जास्त दिवस कशी टिकतील, हा आमचा धंदा. ही पावडर लिंबाच्या रसात आणि पाण्यात विरघळवायची, त्यात चार थेंब लवंगेचं तेल टाकायचं, फळं त्यात बुडवायची आणि वाऱ्यावर सुकवायची. फळावर डोळ्यांना दिसणार नाही असा पातळ पापुद्रा बसतो. बुरशी लवकर धरत नाही आणि फळातलं पाणी उडत नाही. विषारी काही नाही, खाल्लं तरी चालतं. पाकिटावर आम्ही हिरव्या अक्षरांत ‘नैसर्गिक’ असं छापतो, आणि ते खोटंही नाही.

मी कोकणातली. आमच्या घरामागे पावसाळ्याआधी सोडे (सोललेली कोळंबी) सुकत, आणि कवचांचा ढीग माडाच्या बुंध्याशी पडे. त्या कवचांतून काही कामाचं निघतं हे शिकले, तेव्हा मला आनंदच झाला होता. कुणाला त्याची किळस येईल, किंवा किळसेपेक्षा मोठं काही वाटेल, हे डोक्यात आलंच नाही. ते आलं मागच्या वर्षी, जेव्हा दोन गावांतल्या शेतकऱ्यांनी पावडर कशाची ते ऐकलं आणि मला चहा पाजून वाटेला लावलं. साहेब म्हणाले, “विचारलं तर सांगा. न विचारता कशाला सांगायचं?” मला ते शहाणपणाचं वाटलं होतं.

स्टँडवर गरम कचोरी खाल्ली, पाण्याचा कॅन भरून घेतला आणि सोनाळ्याच्या गाडीत खिडकी धरली. शेगाव मागे पडलं की काळी सपाट जमीन सुरू होते. पूर्णेच्या पुलावरून नदी दिसली ती थोडीशीच. कंडक्टरने माझ्या कॅनकडे बघून विचारलं, “कायले वागवून राह्यल्या हे? खारं हाये ना थे पाणी.” मी म्हटलं, प्यायला नाही, कामाला आहे. तो “मंग ठीक हाये” म्हणाला आणि तिकिटं फाडत पुढे गेला. त्या माणसाचं तेव्हाच ऐकायला हवं होतं.

वरवट बकालच्या पुढे रस्त्याच्या टोकाला सातपुडा उभा राहिला. आधी धुरकट रेघ, मग निळा डोंगर, मग झाडं वेगळी दिसू लागली. कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, बोंडांत उरलेला कापूस वाऱ्यावर लोंबत होता. हरभऱ्यावर घाटे धरले होते. सोनाळ्याला उतरले तर हवा चक्क थंड होती. या जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागात उन्हाळ्यात माणूस भाजून निघतो असं ऐकून आले होते, पण पौषातल्या त्या सकाळी मला शाल काढावी लागली.

निर्मलाताई वानखडे स्टँडवर घ्यायला आल्या होत्या. वय चाळिशीचं, उंच, चालणं भराभर, बोलणं त्याहून भराभर. गळ्यात मंगळसूत्राच्या वर तुळशीची बारीक माळ. स्ट्रॉबेरी लावायचं खूळ त्यांचं. एका प्रदर्शनात रोपं पाहिली, डोंगराच्या पायथ्याला थंडी पडते आणि पाणीही गोड आहे, मग का येणार नाही, असा त्यांचा हिशेब. नवरा म्हणाला, कर बापा तुले काय करायचं थे. सासऱ्यांनी आपल्या वाट्याचा तुकडा दिला.

“सारं गाव हासत होतं,” त्या चालता चालता म्हणाल्या. “म्हनत, वानखड्याच्या सुनेनं वावरात (शेतात) टमाटे लावले, आन त्यायले इंग्लिश नाव देल्लं.”

वावर गावाला लागूनच होतं. संत्र्याच्या दोन ओळींपलीकडे काळ्या प्लास्टिकवर हिरवी रोपं, आणि पानांखाली लालभडक फळं. खरं सांगते, मी हसायच्या तयारीनेच गेले होते, आणि गप्प झाले. इतकी नीटस बाग मी महाबळेश्वरकडेही क्वचित पाहिली होती. बांधावर एक म्हातारे गृहस्थ बसून गवत खुरपत होते. पांढरं धोतर, पांढरी टोपी, आणि त्यांच्या गळ्यातली माळ इतकी जुनी की मणी घासून गुळगुळीत झालेले. हे निर्मलाताईंचे मामाजी, म्हणजे सासरे.

“या बाई,” ते म्हणाले. “तुमी थे फळ नासू देत नाई म्हन्ते आमची सून. खरं हाये का?”

“नासतं, पण उशिरा.”

“मानसाले काई हाये का तसं?” असं विचारून ते स्वतःच खळखळून हसले. मला हे म्हातारे पहिल्याच मिनिटाला आवडून गेले.

पहिला तोडा, म्हणजे पहिली तोडणी, त्याच सकाळी झाला होता. दोन मोठे क्रेट भरले होते, वर ओलं पोतं टाकलेलं. मी सवयीने एक फळ उचलून तोंडात टाकायला गेले तर निर्मलाताईंनी माझा हात धरला.

“नोका, ताई. पह्यला तोडा देवाचा. देवाच्या अगुदर घरात कोनी खात नाई. मी बी चाखली नाई अजून.”

तीन महिने बाग वाढवून या बाईने एक फळ चाखलेलं नव्हतं. मी फळ परत ठेवलं.

दुपारी ओसरीवर कामाला लागलो. निळा नवा टब, ताक घुसळायची रवी, माझी पावडर, आणि शेगावहून वागवत आणलेला कॅन. लिंबाच्या रसात पावडर छान विरघळली. कॅनचं पाणी ओतलं आणि दूध फाटावं तशा टबात गुठळ्या झाल्या. मी ढवळत बसले, रस वाढवला, पण गुठळ्या काही मोडेनात. मामाजी काठी टेकत आले, कॅनमधल्या पाण्यात बोट बुडवून चव घेतली आणि थुंकले.

“खारपाणपट्ट्याचं पाणी हाये हे. ह्यानं दाळ शिजत नाई, तुमचं औषध कसं शिजन? डोंगराकडच्या हिरीचं आना.”

विहिरीचं पाणी आलं. मामाजी माझ्यासमोर पाटावर बसले आणि स्वतःच्या हातांनी लिंबं पिळू लागले. बिया बाजूला काढत, सावकाश, एकेक. ते काम त्यांनी मागून घेतलं होतं. या वेळी पावडर विरघळली आणि पाणी नितळ झालं.

तेव्हाच निर्मलाताईंनी विचारलं. फळं बुडवायच्या आधी, टबापाशी उकिडव्या बसून, माझ्या तोंडाकडे बघत.

“मॅडम, एक इचारू? ह्याच्यात वंगाळ (वाईट) त काई नाई ना? आमच्या घरी सगळ्यायच्या गळ्यात माळ हाये. अंडं बी चालत नाई आमाले.”

विचारलं तर सांगा, असं साहेब म्हणाले होते. आणि इथे तर सरळ विचारलं होतं. मामाजींच्या हातात अर्धं पिळलेलं लिंबू होतं. टब तयार होता. मागच्या वर्षीच्या दोन गावांतला तो चहा मला आठवला. इथूनही रिकाम्या हाताने परत गेले तर हे काम बंद पडणार, हेही आठवलं.

“समुद्रातून मिळतं ते,” मी म्हणाले. “अगदी नैसर्गिक आहे.”

“म्हंजे मिठावानी.”

मी लवंगेच्या तेलाच्या बाटलीचं झाकण उघडू लागले. ते घट्ट बसलं होतं, म्हणून तेवढा वेळ मिळाला. निर्मलाताईंचं समाधान झालं. त्यांनी पदर खोचला आणि फळं चाळणीत घेऊन बुडवायला सुरुवात केली. जुन्या सुती लुगड्यावर ओळीने मांडली. वर पंखा लावला. तुलनेसाठी पाच फळं कोरडी ठेवावी लागतील म्हटल्यावर मामाजी जरा कुरकुरले.

“देवाच्या पाच सडवतान का? बरं, सडू द्या. देव समजून घेते.”

रात्री जेवायला ज्वारीची भाकर, सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) आमटी आणि ठेचा होता. ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं, त्यावर घरभर हसणं झालं. मामाजी जेवता जेवता म्हणाले, “पाच दिवसानं एकादशी हाये. आमचा नेम असा का पह्यला तोडा एकादशीले देवळात ठेवायचा, मंग भजनी मंडळाले वाटायचा. संत्रं, बोरं, समदं जमते. ह्या फळाचं कसं जमन म्हनून मले काळजी होती. दोन दिवसांत माती होते म्हन्ते सून. पन आता तुमचं औषध हाये.”

भाकरीचा घास माझ्या हातात होता.

“एकादशीला?” मी विचारलं.

“हाव. उपासाच्या दिवशी देवाचं फळ. ह्याच्याहून मोठं काय पायजे?”

म्हणजे माझा लेप नसता तर ती फळं एकादशीपर्यंत टिकलीच नसती. माझं काम चांगलं झालं तरच ही माणसं, ज्यांनी जन्मात अंडं तोंडाला लावलं नाही, उपवासाच्या दिवशी देवापुढे कोळंबीचं कवच ठेवणार होती. आणि ते खाणार होती. मला तेव्हा उठून बोलायला हवं होतं. मी आमटी आणखी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला घाटावर जायचं होतं. दुसरबीडला, सिंदखेडराजाच्या वाटेवर, रस्त्याकडेच्या टपरीत लेप लावलेली फळं उन्हात किती तग धरतात ते बघायचं ठरलं होतं. त्यासाठी पुण्याहूनच लेप लावून एक डबा आणला होता. निर्मलाताई स्टँडवर सोडायला आल्या. एकदा त्यांच्याकडे वळून मी “ताई,” म्हणालेसुद्धा. तेवढ्यात गाडी आली. गाडी दोन मिनिटं थांबून होती, त्यामुळे गाडीला दोष देण्यात अर्थ नाही.

खामगावला गाडी बदलली, मेहकरला मुक्काम केला. लॉजची खोली बरी होती, फक्त खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. घाट चढला की हवा बदलते, जमीन वरखाली होते, आणि बोलणंही बदलतं. ‘मले’चं ‘मला’ होतं. दुसरबीडला हमरस्त्यावर पेरू, बोरं, चहा, भजी, टायरचं पंक्चर, सगळं एका ओळीत मिळतं. तिथे माझी गाठ पडली दगडूभाऊ नावाच्या फळवाल्याशी. टपरीवर निळी ताडपत्री, पेरूंचा ढीग आणि कापलेल्या पेरूवर मीठ-तिखट. मी त्याला डबा दिला आणि म्हटलं, तीन दिवस इथेच ठेव, विकू नको, फक्त बघ.

त्याने एक स्ट्रॉबेरी उचलून शर्टाला घासली. “काय लावलंय बाई याला? गाडीला लावतात तसलं पॉलिश का?”

“कोळंबीच्या कवचाची पावडर आहे,” मी म्हणाले.

इतकं सहज बाहेर पडलं तोंडातून. दगडूभाऊने फळ तोंडात टाकलं, चावलं, आणि हसला.

“झिंग्याची? मग तर भारीच की. आपण सगळं खातो, बाई. आपल्याला कशाचं काही नाही.” मग जरा थांबून म्हणाला, “पण माळकरी माणसाला देऊ नका बरं का. पाप लागेल तुम्हाला.”

तीन दिवस मी मेहकरहून ये-जा केली. दुसरबीडला टपरीत बसून ट्रक मोजले, पेरू खाल्ले, आणि माझी फळं उन्हात कशी चमकतात ते पाहिलं. दगडूभाऊने दर गिऱ्हाइकाला डबा दाखवला आणि दर वेळी मोठ्याने सांगितलं, झिंग्याच्या कवचाची आहे बरं का. कुणी नाक मुरडलं, कुणी हसलं, कुणी “हात लावू नका पोरांनो” म्हणून निघून गेलं. कुणाचंही काही बिघडलं नाही. ते बघताना मला कळत होतं की खरं सांगायला मला काही जड जात नाही. जिथे ते सांगून माझं नुकसान होत नाही, तिथे अजिबात जड जात नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी निर्मलाताईंना फोन लावला. मनात वाक्य तयार केलं होतं. त्यांनी मला ते बोलूच दिलं नाही, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. त्या एका दमात एवढंच म्हणाल्या, “मॅडम! कोरड्या पाचाय्‌ले बुरशी आली, कापसावानी. आपल्या लावलेल्या एक बी नाई गेली! मंडळाच्या समद्या बाया पाहून गेल्या. हासणारे बी आल्ते. मामाजी सगळ्यायले सांगून राह्यले का लिंबं म्या पिळले म्हनून.” मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “तुमी बोला.” मी म्हणाले, “छान झालं. मी एकादशीला येते.” आणि फोन ठेवला.

एकादशीच्या सकाळी निघाले ती पोचून सगळं सांगायचं, असं ठरवून. जानेफळच्या अलीकडे गाडीचा पट्टा तुटला. तासभर बाभळीखाली बसलो. एका म्हाताऱ्या बाईने मला राजगिऱ्याचा लाडू दिला. खामगावला पुढची गाडी चुकली. हे सगळं मी एवढ्यासाठी लिहिते आहे की पुण्यात मी लोकांना हीच हकीकत सांगितली: गाडी बंद पडली म्हणून उशीर झाला. फोन पूर्ण वेळ माझ्या खिशात होता आणि रेंज चांगली होती.

सोनाळ्यात पोचले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. विठ्ठलाच्या देवळातून टाळांचा आवाज येत होता. निर्मलाताई दारातच भेटल्या. हिरवं लुगडं, केसांत फूल, चेहरा असा फुललेला की मला त्यांच्याकडे बघवेना.

“उशीर केला तुमी! वाटून झालं.”

देवळात सतरंजीवर तीस-चाळीस माणसं बसली होती. प्रत्येकाच्या हातात किंवा समोरच्या पानावर लाल फळांचे तुकडे. लहान मुलांचे ओठ रंगले होते. मामाजी खांबाला टेकून बसले होते, समोर पितळी ताट, ताटात शेवटची चार फळं. फळं अजून चमकत होती. पाचव्या दिवशी. माझ्या आजवरच्या कामातला तो सर्वांत चांगला निकाल होता.

“या बाई, या,” मामाजींनी मला हाक मारली. “तुमच्यासाठी राखून ठेवल्या. मले लय जन म्हने, द्या आमाले. मी म्हनलं, जिनं टिकवल्या तिच्यासाठी हायेत ह्या.” त्यांनी एक फळ उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. “लवंग लावली का वो थोडी? मस्त वास येते. पंच्याऐंशी वर्साचा झालो, असं फळ खाल्लं नोतं.”

त्यांच्या पांढऱ्या मिशीला लाल रस लागला होता. माळेच्या एका मण्यावरही एक थेंब पडला होता, तो त्यांनी बोटाने पुसला. मी तो प्रसाद तोंडात घातला. गोड होता, शेवटी जिभेवर किंचित लवंग. मी सगळा गिळला.

रात्रभर झोप लागली नाही, हे लिहायची गरज नाही. सकाळी निर्मलाताई वावरात दुसरा तोडा करत होत्या. धुकं होतं, पानांवर दव होतं. मी त्यांच्या शेजारच्या सरीत उभी राहिले आणि सांगितलं. आडपडदा न ठेवता, एका वाक्यात.

त्यांचा हात थांबला.

“कायचं म्हन्ता?”

“कोळंबी. झिंगे. त्यांच्या कवचाची पावडर.”

“म्हंजे जिवाचं.”

“हो.”

त्यांनी पुन्हा तोडायला सुरुवात केली. एक फळ, दुसरं, तिसरं. देठाला नख लावायचं, वळवायचं, टोपलीत ठेवायचं. मी आयुष्यात इतका वेळ कुणाच्या हातांकडे बघत उभी राहिले नव्हते.

“मी इचारलं होतं तुमाले,” त्या शेवटी म्हणाल्या.

“हो.”

“तोंडानं इचारलं होतं. माळ हाये म्हनून सांगतलं होतं.”

“हो. माझं चुकलं. मी मामाजींना सांगते. त्यांचे पाय धरते, माफी मागते.”

तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग असता तर मी सोसला असता. त्या दमलेल्या दिसत होत्या.

“नोका सांगू. तुमी माफी मागसान आन गाडीत बसून जासान. थे अथीच राहतीन. सात वर्साचे होते तवापासून माळ हाये त्यायच्या गळ्यात. मांगच्या साली दवाखान्यात डॉक्टरनं अंडं खा म्हनलं, त मानूस मरायले टेकला पन खाल्लं नाई. आता ह्या वयात सांगू त्यायले? आन मंडळाच्या त्या म्हाताऱ्या बायायले? घरोघर जाऊन?” त्या जरा थांबल्या. “काल सांगतलं असतं दुपारच्या अगुदर, त म्या समद्या उकिरड्यात फेकल्या असत्या. गाव हासलं असतं. हासू देल्लं असतं.”

मी वाकून सरीत पडलेलं एक फळ त्यांच्या टोपलीत ठेवलं.

“तुमचं मन हलकं झालं,” त्या म्हणाल्या. “आता हे मले वागवा लागन.”

मग त्यांनी टोपली खाली ठेवली, दोन्ही हात मानेमागे नेले आणि गळ्यातली तुळशीची माळ काढली. ओढली नाही, तोडली नाही. गाठ सोडवून काढली, कपाळाला लावली आणि पदराच्या टोकात बांधली.

“तुमची माळ कशाला काढता? तुम्ही काही जाणूनबुजून केलेलं नाही,” मी म्हणाले.

“न जानता खाल्लं, त्याचा दोष नाई लागत. मामाजीच सांगतेत कीर्तनात. पन आता मले ठाव हाये. ठाव असून त्यायच्या संग पंगतीत बसीन, थे काई इचारतीन आन मी चूप राहीन. माळ घालून थे नाई होत माझ्यानं.” पदराची गाठ त्यांनी कमरेला खोचली. “घरी इचारतीन त सांगीन का तुटली. एक खोटं तुमचं, एक माझं.”

स्टँडवर त्या मला सोडायला आल्या, कारण पाहुण्याला एकटं सोडायची पद्धत त्या घरात नव्हती. गाडी लागली तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक डबा माझ्या हातात दिला.

“आत्ता तोडलेल्या हायेत. ह्यायले काई लावलं नाई. आजच खा. उद्या राह्यच्या नाईत.”

मी त्या दिवशी खाऊ शकले नाही. शेगावला गाडीत चढले, भुसावळ येईतो वर्तमानपत्रावर लाल डाग उमटला, मनमाडला तो माझ्या मांडीवर उतरला. समोरच्या बाईने विचारलं, काय सांडतंय? मी म्हटलं, फळं आहेत. पुण्यात डबा उघडला तर निम्म्या फळांना मऊ राखाडी बुरशी. डबा धुऊन ठेवला आहे. परत द्यायचा आहे, पण कसा ते ठरत नाही.

ऑफिसात अहवाल दिला. सोनाळ्याचा निकाल फारच चांगला म्हणून साहेबांनी फोटो मोठे करून भिंतीवर लावले. एका फोटोत मामाजी लिंबं पिळताहेत. पावडर कशाची आहे ते पाकिटावर मराठीत ठळक छापावं, असं मी शेवटी लिहिलं होतं. ती ओळ खोडून परत आली, समासात ‘बघू’ असं लिहून.

निर्मलाताईंना मी दोनदा फोन केला. त्यांनी उचलला नाही. मग एका सकाळी त्यांच्याच नंबरवरून फोन आला. मी लगेच उचलला, तर पलीकडे मामाजी.

“बाई, मी बोलून राह्यलो, सोनाळ्याहून. सून वावरात गेली, फोन घरीच राह्यला. म्हनलं आपनच बोलावं. थे तुमची पावडर पाठवजा थोडी. आता दर एकादशीले मंडळाले हेच फळ वाटायचं ठरवलं आमी. सूनबाईले म्हनलं त थे म्हन्ते संपली, आता मिळत नाई. मले वाटते तिले संकोच वाटते मागायचा.” मग आवाज जरा उतरला. “तिची माळ तुटली, बाई. नवी घेऊन देतो म्हन्तो त आयकत नाई. हासत बी नाई पह्यल्यासारखी. तुमच्याशी बोलली का काई?”

माझ्या टेबलावर प्रयोगाची एक लेप लावलेली स्ट्रॉबेरी होती. बारावा दिवस. जरा सुकली होती, पण शाबूत.

“नाही बोलल्या,” मी म्हणाले. “बाबा, पावडर खरंच मिळत नाही आता. तुम्ही असं करा, दशमीला संध्याकाळी फळं तोडा आणि एकादशीला सकाळी वाटा. एका रात्रीत काही होत नाही त्यांना. काही लावू नका.”

त्यांच्या मागे कुणीतरी गुराला हाकलत होतं.

“हे बरं हाये,” ते म्हणाले. “हे त लय सोपं हाये. पह्यला तोडा बी पाच दिवस उशिरा केला असता त चाललं असतं मंग. दोन-चार पाखरायनं खाल्ल्या असत्या.” आणि मग अगदी निर्मळपणे, खरंच समजून घ्यायचं म्हणून, त्यांनी विचारलं, “मंग बाई, तुमची पावडर कायले लागते वो?”

मी म्हणाले, बाबा, आवाज तुटतोय. आवाज अगदी स्वच्छ येत होता.